एकाच घरातले दोघे, एकच ऑपरेशन, मग एकाचीच बॉडी एवढी का भडकली?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. तिघे सख्खे भाऊ. थोरल्यांची बायपास झाली, पाचव्या दिवशी जिना चढून दाखवला आणि घरी गेले. वर्षभराने धाकट्यांचं ऑपरेशन त्याच सर्जनने, त्याच टीमने केलं, पण त्यांना पहिल्याच रात्री बीपी टिकेना, औषधांवर धरून ठेवलेलं, मग ताप, क्रिएटिनिन (किडनी कमी पडली की रक्तात वाढतं ते) चढलेलं, तिसऱ्या रात्री ठोके अनियमित, असे नऊ दिवस आयसीयूत गेले. इन्फेक्शन शोधलं, सगळी कल्चर्स निगेटिव्ह. डॉक्टर एवढंच म्हणाले की "यांच्या बॉडीने जरा जास्तच रिअॅक्ट केलं". आता मधल्याला, म्हणजे तुम्हाला, बायपास सांगितलीय आणि तुम्ही विचारताय की हे जीन्समुळे होतं का, आणि आपण थोरल्यासारखे की धाकट्यासारखे हे टेस्ट करून आधी कळेल का.

उत्तर पहिल्यांदाच देऊन टाकतो. जीन्सचा वाटा असतो, हे खरं. आणि टेस्ट करून आज कळत नाही, हेही खरं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते सांगायला जरा वेळ लागेल, चहा घेऊन बसा.

मी कार्डिअॅक अॅनेस्थेशियात, म्हणजे हार्टच्या ऑपरेशनला भूल देण्याच्या कामात आहे, वीसेक वर्षं होऊन गेली. "बॉडीने रिअॅक्ट केलं" म्हणजे काय, ते माझ्या बाजूने असं दिसतं: सर्जनचं काम छान झालंय, ग्राफ्ट, म्हणजे जोडलेल्या नव्या वाहिन्या, चालू आहेत, इकोमध्ये हार्ट जोरात मारतंय, पेशंटला पंपावरून, म्हणजे हार्ट-लंग मशीनवरून, उतरवलं, आणि मॉनिटरवर बीपी ७०/४०. पेशंटच्या पायाला हात लावला तर पाय गरम, नखं गुलाबी. हार्ट कमी पडत असतं तर पाय गार लागले असते. हे उलटं आहे, हार्ट चांगलं आहे पण सगळे पाईप, म्हणजे रक्तवाहिन्या, एकदम सैल पडलेत. याला आम्ही व्हॅसोप्लेजिया म्हणतो, मग नॉरअॅड (नॉरअॅड्रेनलिन, बीपी वाढवणारं औषध) वाढवत न्यायचं, त्याने भागलं नाही तर व्हॅसोप्रेसिन, अगदीच हट्टी केस असेल तर मेथिलीन ब्लू, ज्याने लघवी निळी-हिरवी होते आणि नातेवाईक घाबरतात. तुमच्या धाकट्या भावाचं वर्णन वाचून मला हेच चित्र दिसलं.

आता हे का होतं ते. इन्फ्लमेशनला पुस्तकात दाह म्हणतात, आपण बोलताना सूज म्हणतो, पण इथे एका जागेची सूज नाहीये, सगळ्या शरीराची अलार्म सिस्टीम एकदम वाजलेली असते. हार्ट-लंग मशीन माणसावर पहिल्यांदा यशस्वीपणे वापरलं जॉन गिबन यांनी, ६ मे १९५३ ला, फिलाडेल्फियात. तेव्हापासून आजपर्यंत मशीन कितीही सुधारलं तरी मूळ अडचण तीच आहे, की रक्ताला आयुष्यभर फक्त रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराची सवय असते आणि आपण त्याला अचानक प्लॅस्टिकच्या नळ्यांमधून आणि साधारण दोन चौरस मीटर पसरेल एवढ्या ऑक्सिजनेटरच्या पडद्यावरून फिरवतो. रक्ताला ते परकं वाटतं. हेपॅरिनने गुठळी थांबते, पण कॉम्प्लिमेंट नावाची जी प्रोटीन्सची साखळी आहे ती पेटतेच. पंपाच्या दुष्परिणामांशी कॉम्प्लिमेंटचा संबंध आहे हे जॉन कर्कलिन यांच्या टीमने १९८३ मध्ये मांडलं. त्यात भर म्हणजे, एओर्टाला, म्हणजे हार्टमधून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला, लावलेला क्लॅम्प (चिमटा) काढला की इतका वेळ उपाशी असलेल्या हार्टमध्ये आणि फुप्फुसात रक्त परत घुसतं आणि त्या घुसण्यानेच वेगळी इजा होते, आतड्याचं रक्त काही काळ कमी पडल्यामुळे तिथल्या जंतूंचं एंडोटॉक्सिन नावाचं विष थोडं रक्तात गळतं, आणि छाती उघडल्याची जखम तर आहेच. म्हणून पंप न लावता धडधडत्या हार्टवर बायपास केली तरी आयएल-६ वाढतंच, पंप नाही म्हणून सूज नाही असं होत नाही.

आयएल-६ हे नाव पुढे सारखं येणार आहे. इंटरल्युकिन-६, पेशींनी एकमेकींना पाठवायचा निरोप. एरवी रक्तात जेमतेम सापडतं, ऑपरेशननंतर काही तासांत कितीतरी पटींनी वर जातं, त्याच्या हुकमावरून लिव्हर सीआरपी हे सूज दाखवणारं प्रोटीन बनवतं आणि सीआरपी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला पोचतं. तिसऱ्या दिवशी सीआरपी वाढलेला बघून घरच्यांनी इन्फेक्शन झालं म्हणून घाबरू नये ते याचमुळे, हार्ट सर्जरीनंतर तो सगळ्यांचाच वाढतो. प्रश्न कोणाचा किती, हा आहे.

आणि त्या "किती" मध्ये माणसामाणसात खरंच खूप फरक असतो. हे जन्मजात असू शकतं याचे पुरावे सर्जरीच्या बाहेरून आले. १९८८ मध्ये डेन्मार्कमधल्या दत्तक दिलेल्या मुलांचा एक अभ्यास छापून आला, त्यात जन्म देणाऱ्या आई-वडिलांपैकी कोणी तरुणपणी इन्फेक्शनने गेलं असेल तर मुलाचाही इन्फेक्शनने लवकर मृत्यू होण्याचा धोका पाच पटींहून जास्त दिसला, आणि ही मुलं त्या आई-वडिलांच्या घरात वाढलेलीच नव्हती. मग १९९७ मध्ये नेदरलँड्समधल्या टीमने साधी युक्ती केली, लोकांचं रक्त ट्यूबमध्ये घेतलं, त्यात एंडोटॉक्सिन टाकलं आणि किती टीएनएफ आणि किती आयएल-१० तयार होतं ते मोजलं. टीएनएफ म्हणजे आग लावणारा निरोप, आयएल-१० म्हणजे विझवणारा. जुळ्यांची तुलना करून त्यांनी काढलं की टीएनएफमधला फरक साधारण ६० टक्के आणि आयएल-१० मधला ७५ टक्के अनुवांशिक आहे. हा आकडा मोठा आहे! तो वाचून आमच्या क्षेत्रात सगळ्यांना वाटलं की आता फक्त जीन शोधायचा अवकाश आहे.

मग शोधाशोध सुरू झाली आणि तिथेच खरी गंमत आहे. आयएल-६ च्या जीनच्या सुरुवातीला प्रमोटर असतो, बटण समजा, जीन किती जोरात चालवायचा ते ठरवणारं. त्यात मायनस १७४ या जागी काहींना डीएनएचं "जी" (G) हे अक्षर असतं, काहींना "सी" (C). आईकडून एक, वडिलांकडून एक, म्हणजे माणूस जीजी, जीसी किंवा सीसी. १९९८ मध्ये लंडनच्या लोकांनी दाखवलं की सी असेल तर बटण मंद, रक्तात आयएल-६ कमी. मग साहजिकच अपेक्षा अशी की बायपासनंतर सीसीवाल्यांचं आयएल-६ कमी चढेल. २००१ मध्ये लंडनमध्येच बायपासच्या पेशंटवर बघितलं तर निघालं उलटं, सीसीवाल्यांचंच जास्त चढलं. मग २००३ मध्ये रोमच्या टीमचा पेपर आला, त्यात परत उलटं: जीजीवाल्यांचं आयएल-६ जास्त आणि ऑपरेशननंतर एट्रियल फिब्रिलेशन (एएफ), म्हणजे तुमच्या भावाला तिसऱ्या रात्री झालं ते अनियमित ठोक्यांचं प्रकरण, तेही जीजीमध्येच जास्त. आता सांगा, पेशंटचा रिपोर्ट सीसी आला तर मी त्याला काय सांगायचं? लंडनचं सांगू की रोमचं?

यात कोणी खोटं बोललं असं नाही. असं का होतं त्याची कारणं बघितली की हा सगळा विषयच समजतो, म्हणून इथे जरा थांबतो.

एक म्हणजे वेळ. मी शिकत होतो तेव्हा रात्री अशी सॅम्पल काढून सेंट्रिफ्यूजला लावायचं काम ज्युनिअर म्हणून माझ्याकडे असायचं. कागदावर लिहिलेलं असायचं "सहा तास". पण सहा तास कशापासून? छाती बंद केल्यापासून, पंप थांबल्यापासून, की क्लॅम्प काढल्यापासून? आणि त्याच वेळी शेजारच्या बेडवर कोणाचं बीपी पडलं तर सहाचं सॅम्पल साडेसातला निघायचं. आयएल-६ चा आलेख डोंगरासारखा असतो, भराभर चढतो आणि मग उतरतो, तुम्ही एकाचं चढताना पकडलं आणि दुसऱ्याचं उतरताना पकडलं तर जीनचा काही संबंध नसताना फरक दिसणार. तेव्हापासून अशा पेपरमध्ये मी आधी "सॅम्पल कधी घेतलं" ते वाचतो, निकाल नंतर.

दुसरं म्हणजे एक अक्षर एकटं काम करत नाही. त्याच प्रमोटरमध्ये मायनस ५७२ ही आणखी एक जागा आहे, लंडनच्या २००१ च्या अभ्यासात तिचाही परिणाम दिसला होता, आणि ही अक्षरं एकाच धाग्यावर शेजारी असल्याने जोडीजोडीने वारशात येतात. मायनस १७४ चं सी युरोपियन लोकांत भरपूर आहे, पूर्व आशियात जवळजवळ नाहीच, आणि मायनस ५७२ चं सी पूर्व आशियात भरपूर. म्हणजे एका खंडातल्या लोकांवरून काढलेला नियम दुसऱ्या खंडातल्या माणसाला लावला तर तो लागेलच असं नाही, कारण त्या अक्षराचे शेजारीच वेगळे असतात.

तिसरं कारण सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं, पेशंटची संख्या. त्या काळातले बरेच अभ्यास शे-दोनशे पेशंटचे. कोणत्याही दोन माणसांत लाखो अक्षरांचा फरक असतो, त्यातली आपल्याला आवडणारी दहा-वीस निवडली आणि प्रत्येकाची ताप, किडनी, मेंदू, ठोके, आयसीयूतले दिवस अशा आठ-दहा गोष्टींशी जोडी लावली तर नुसत्या योगायोगानेही काहीतरी जुळणारच. शंभरात पाच वेळा चुकायला परवानगी, हा नेहमीचा हिशेब, म्हणजे दहा लाख जागा तपासल्या तर पन्नास हजार जागा खोट्या दिव्यासारख्या पेटतील. म्हणून आता पूर्ण जिनोम, म्हणजे माणसाची सगळी अक्षरं, तपासणाऱ्या अभ्यासांत चाळणी ०.०००००००५ इतकी बारीक लावतात. जुने बरेचसे पेपर त्या चाळणीसमोर उभे राहू शकत नाहीत.

तरी सगळं टाकून द्या असं मी म्हणणार नाही. काही काम मला आजही आवडतं. अमेरिकेतल्या ड्यूक युनिव्हर्सिटीच्या टीमने यावर वर्षानुवर्षं चिकाटीने काम केलं. २००६ मध्ये त्यांनी दाखवलं की ऑपरेशननंतर हार्ट अटॅक येण्याशी आयएल-६ च्या मायनस ५७२ चा आणि पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटवणाऱ्या आयकॅम-१ आणि ई-सिलेक्टिन या दोन प्रोटीन्सच्या जीन्सचा संबंध दिसतो. यात मला पटतं ते असं की गोष्ट जुळते, निरोप देणारा एक आणि चिकटवणारे दोन, तिन्ही एकाच साखळीतले. २००७ मध्ये त्यांनीच मेंदूबद्दल सांगितलं, सीआरपीच्या आणि पी-सिलेक्टिनच्या जीनमधले ठराविक बदल असणाऱ्यांची ऑपरेशननंतर स्मरणशक्ती-एकाग्रता कमी घसरली.

आणि एपीओई. हा जीन अल्झायमरमुळे बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतो, त्याचा एप्सिलॉन-४ हा प्रकार बदनाम आहे. १९९७ मध्ये छोट्या अभ्यासात आलं की बायपासनंतर विसरभोळेपणा येण्याशी एप्सिलॉन-४ चा संबंध आहे, पुढच्या मोठ्या अभ्यासांत तो टिकला नाही. २००४ मध्ये आलं की एप्सिलॉन-४ असेल तर ऑपरेशननंतर आयएल-८ (तोही आग लावणारा निरोप) आणि टीएनएफ जास्त चढतं. म्हणजे वाईटच म्हणायचं ना? तर नाही, कारण त्याआधी २००० मध्ये ड्यूकमधूनच आलं होतं की एप्सिलॉन-४ वाल्यांचं क्रिएटिनिन ऑपरेशननंतर कमी वाढतं. एकच अक्षर, मेंदूसाठी संशयित आणि किडनीसाठी बहुतेक मित्र. पेशंटला "तुमचे जीन्स चांगले की वाईट" असं सांगताच येत नाही, कोणत्या अवयवासाठी हे विचारावं लागतं.

किडनीवरून आठवलं, तुमच्या भावाच्या क्रिएटिनिनचं. पंपाच्या रोलरमध्ये आणि रक्त ओढून घेणाऱ्या सकरमध्ये तांबड्या पेशी थोड्या फुटतात, त्यातलं हिमोग्लोबिन मोकळं होतं, कधी कधी ऑपरेशन चालू असतानाच लघवीच्या पिशवीत लालसर झाक दिसते आणि परफ्युजनिस्ट (पंप चालवणारा) आणि मी एकमेकांकडे बघतो. त्यातलं हीम किडनीला विषारी. ते मोडायला शरीराकडे हीम ऑक्सिजनेज-१ नावाचं एन्झाइम असतं आणि त्याच्या जीनच्या बटणात जीटी-जीटी-जीटी अशी अक्षरांची माळ असते, कोणाची आखूड, कोणाची लांब. माळ लांब असेल तर गरजेच्या वेळी एन्झाइम कमी बनतं. २०१६ मध्ये २,३७७ हार्ट सर्जरीच्या पेशंटवर बघितलं तर लांब माळवाल्यांत किडनीला इजा होण्याचं प्रमाण जास्त निघालं. हा मला आत्तापर्यंतचा सगळ्यात पटणारा अभ्यास वाटतो, कारण विष कुठून येतं, कोण मोडतं, कोणाकडे मोडणारा कमी आहे, सगळं डोळ्यासमोर दिसतं आणि पेशंटही शंभर-दीडशे नाहीत.

ठोक्यांचं मात्र वेगळंच निघालं. रोमच्या पेपरनंतर सगळे म्हणायला लागले की एएफ म्हणजे सुजेचंच काम. मग २००७ मध्ये आइसलंडच्या लोकांच्या जिनोमवरून कळलं की एएफशी सगळ्यात घट्ट संबंध चौथ्या क्रोमोसोमवरच्या एका जागेचा आहे, पिटएक्स-२ जीनच्या शेजारी, आणि हा जीन गर्भात हार्टची डावी-उजवी बाजू घडवणारा, सुजेशी त्याचं थेट देणंघेणं नाही. २००९ मध्ये बायपासच्या पेशंटमध्येही तीच जागा एएफशी जोडलेली निघाली. म्हणजे बहुतेक असं असावं, वायरिंग मुळातच कच्चं असलेल्याला सूज आली की ठिणगी पडते, वायरिंग पक्कं असलेल्याला तेवढीच सूज पचते. बायपासनंतर तीनातल्या एकाला एएफ होतं आणि ते बहुतेक दुसऱ्या ते चौथ्या दिवसात होतं, सूज टोकाला असते तेव्हाच, त्यामुळे ठिणगीचा भाग खरा आहे. सगळा दोष तिच्यावर टाकता येत नाही इतकंच.

जीन कळला आणि त्यावरून उपाय केला असं कुठे झालंय का? एक उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. कॉम्प्लिमेंटच्या साखळीत सी-४ नावाचं प्रोटीन आहे, त्याचे ए आणि बी असे दोन प्रकार, आणि काही लोकांत सी-४-ए जन्मतःच नसतं. चीनमधल्या डॉक्टरांना दिसलं की लहान मुलांच्या हार्ट सर्जरीत सी-४-ए नसलेल्या मुलांच्या रक्तवाहिन्या पंपानंतर जास्त गळतात, मूल अक्षरशः फुगतं, पापण्या उघडत नाहीत, आतलं पाणी बाहेर. मग त्यांनी नुसतं नोंदवून न थांबता अशा मुलांना सी-४-ए असलेला प्लाझ्मा देऊन बघितला, सी-४-ए नसलेल्या प्लाझ्माशी तुलना करून, आणि गळती कमी झाली. २००५ ला हे छापून आलं. जे नाही ते भरून द्या, इतकं साधं. असे आणखी दहा अभ्यास झाले असते तर आज मी तुम्हाला वेगळं उत्तर दिलं असतं.

झालं काय, तर औषधं सगळ्यांना सरसकट देऊन बघितली. सूज वाईट तर सूज दाबा. नेदरलँड्समध्ये ४,४९४ पेशंटना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड किंवा नुसतं पाणी, निकाल २०१२ ला: मुख्य हिशेबात फरक सिद्ध झाला नाही, कमी वयाच्या लोकांत फायदा असावा अशी शंका मात्र आली. २०१५ ला मिथाइलप्रेडनिसोलोन हे दुसरं स्टेरॉइड, ७,५०७ जास्त धोक्याचे पेशंट, तिथेही मृत्यू कमी झाले नाहीत. कॉम्प्लिमेंट बंद करणारं पेक्सेलिझुमॅब, २००४, तीन हजारांवर बायपासचे पेशंट, मुख्य प्रश्नाचं उत्तर काठावरून हुकलं आणि पुढच्या मोठ्या ट्रायलमध्येही जमलं नाही. २०१६ मध्ये रोसुव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी, १,९२२ पेशंट, यात तर सीआरपी खाली आला पण एएफ तेवढंच राहिलं आणि किडनीचा त्रास उलट वाढला.

यावरून दोन तट पडलेत. एक म्हणतो सूज हा मुद्दाच नव्हता. दुसरा म्हणतो औषध काहींना उपयोगी पडलं, काहींना नडलं, सरासरी शून्य आली, आणि कोणाला उपयोगी ते जीन्सवरून कळेल. मी दुसऱ्या तटाच्या जवळचा, पण मनातून, हातात पुरावा नाही. आणि एक गोष्ट विसरू नका, सूज ही जखम भरायलाही लागते, छातीचं हाड सांधायला, जंतू रोखायला. आयएल-६ स्वतःच काही वेळा आग लावतं आणि काही वेळा विझवण्याचं काम सुरू करतं. सूज अगदी कमी ती माणसाला चांगली, असं मला कधीच दिसलेलं नाही.

अजून एक, हे नवीन आहे आणि वयस्कर पेशंटच्या बाबतीत मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपण जीन्स म्हटलं की आई-वडिलांचे धरतो. पण वय वाढतं तशा बोन मॅरोमधल्या एखाद्या पेशीत नवीन बदल होतो, टेट-२ किंवा डीएनएमटी-३-ए या जीन्समध्ये बरेचदा, आणि त्या एका पेशीचीच पिलावळ रक्तात वाढत जाते. सत्तरीनंतर दहातल्या एकाच्या आसपास लोकांत हे सापडतं, त्यांना काही आजार जाणवत नसतो, पण त्या पांढऱ्या पेशी जरा तापट असतात, निरोप जास्त जोरात पाठवतात. पायातून व्हॉल्व्ह बसवतात त्या टॅव्हीच्या पेशंटमध्ये २०२० ला दिसलं की असा बदल असलेले लोक पुढच्या महिन्यांत जास्त दगावले. म्हणजे सख्खे भाऊ जन्मताना सरासरी निम्मे सारखे, आणि म्हातारे होताना आणखी वेगळे होत जातात.

आता तुमच्या भावांकडे. तुमच्या प्रश्नाच्या अगदी शेवटच्या ओळीत तुम्ही लिहिलंय, "धाकट्याचा व्हॉल्व्हपण बदलला त्याच वेळी, आणि त्याला शुगर आहे". अहो, माझ्या दृष्टीने ही पहिली ओळ हवी होती. बायपासबरोबर व्हॉल्व्ह म्हणजे पंपावरचा वेळ वाढला, क्लॅम्पचा वेळ वाढला, बहुतेक रक्तही जास्त चढवावं लागलं असणार, आणि शुगर असलेली किडनी आधीच थकलेली. बीपी पडणं, किडनी आणि एएफ, या तिन्हीसाठी ही कारणं कोणत्याही एका जीनपेक्षा कितीतरी जड आहेत. जीन्सने थोडी भर घातली असेलही, पण दोघांचं ऑपरेशन "एकच" होतं हे तुमचं गृहीतच बरोबर नाही. माझं मत विचाराल तर धाकट्यांच्या नऊ दिवसांपैकी बरेचसे दिवस त्या पंप टाइममध्ये सापडतील.

म्हणून टेस्टच्या मागे लागू नका. ऑनलाइन थुंकी पाठवून येणारा रिपोर्ट घेऊन लोक येतात माझ्याकडे, मी तो आदराने बघतो आणि माझ्या प्लॅनमध्ये त्याने एक एमएलचाही फरक पडत नाही.

पण घराण्याचा इतिहास मात्र मला हवा असतो, आणि तो लोक सांगत नाहीत. एक उदाहरण देतो. हेरेडिटरी अँजिओएडिमा नावाचा आजार आहे, पन्नास हजारांत एखाद्याला असणारा, सी-१ इनहिबिटर या प्रोटीनच्या जीनमध्ये दोष. हे प्रोटीन म्हणजे आपल्या याच साखळ्यांचा ब्रेक. ब्रेक कच्चा असलेला माणूस पंपावर घेतला तर काय होईल विचार करा, घसा सुजू शकतो, बीपी कोसळू शकतं. आणि याची खूण अगदी घरगुती असते: कधी ओठ, कधी डोळ्याभोवती, कधी हाताचा पंजा सुजतो, खाज नाही, पित्त उठल्यासारख्या गांधी नाहीत, अॅलर्जीच्या गोळीने उतरत नाही, दोन-तीन दिवसांनी आपोआप जातं, मधूनच पोटात जबरदस्त कळा येतात, आणि घरात अजून कोणाला तरी असंच होतं. बीपीची रॅमिप्रिलसारखी गोळी सुरू केल्यावर ओठ किंवा जीभ सुजली असेल तर तेही सांगायचं. हे आधी कळलं तर आम्ही ऑपरेशनआधी सी-१ इनहिबिटरचं इंजेक्शन देऊन ठेवतो आणि गोष्ट निभावते. इथे जीन खरोखर माझा प्लॅन बदलतो, आणि तो कळतो साध्या विचारपुशीतून आणि सी-४ सारख्या रक्ताच्या नेहमीच्या तपासण्यांतून. तसंच भूल दिल्यावर घरात कोणाला विचित्र त्रास झाला होता का, रक्त जास्त जाणं किंवा पायात गुठळ्या होणं घरात चालत आलंय का, हेही.

तुम्ही करायचं ते असं. दोन्ही भावांचे डिस्चार्ज कार्ड आणि जमलं तर ऑपरेशन नोट आणि परफ्युजन चार्टची कॉपी मागून घ्या, मिळते. त्यात पंप टाइम, क्लॅम्प टाइम, किती बाटल्या रक्त चढवलं, नॉरअॅड किती आणि किती तास चाललं हे असतं. ते कागद तुमच्या अॅनेस्थेटिस्टला दाखवा, सर्जनला दाखवाल तर तो मान हलवून आमच्याकडेच पाठवेल. तुम्हाला शुगर असेल तर एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) आत्तापासून खाली आणायला लागा, सिगारेट असेल तर आजच बंद, दात किडलेले असतील तर ऑपरेशनआधी दाखवून घ्या. ऑपरेशन सकाळी पहिलं आहे की रात्री इमर्जन्सीत, यानेही फरक पडतो, तेव्हा छातीत दुखणं वाढलं तर "भावासारखं होईल" या भीतीने तारीख पुढे ढकलत बसू नका. आणि तुमची फक्त बायपासच आहे की व्हॉल्व्हचंही काही बोललेत ते मला कळवा, त्यावरून धाकट्यांच्या केसशी तुमची तुलना करायची की नाही हे सांगता येईल.